नाक चोळणाऱ्यांची मिल

६ नोव्हेंबर २०२२, रविवार
आजपासून डायरी. मराठीत, कारण गुड्डीले मराठी वाचायचा कंटाळा येते (तीही माझ्यासारखीच इंग्लिश मीडियम). नं खुशबू मराठी मीडियमची हाय. लग्नानंतर प्रॅक्टिस कामात येईन.

मोठी बातमी. कोर्स पूर्ण! ‘खोटं कसं पकडावं : मास्टरक्लास’. सर्टिफिकेट आलं, लॅमिनेशन करून आणलं. पूर्ण भंडारा जिल्ह्यात असा सर्टिफाइड माणूस मी एकटाच असणार. गोंदिया वेगळा झाला ते बरंच झालं. कॉम्पिटिशन तिकडं गेली.

सिलॅबस सोपा हाय. खोटं बोलणारा नाक चोळते. डोळे चुकवते. बोलायच्या आधी थांबते. खरं बोलणारा सरळ डोळ्यात पाहते नं तळहात उघडे ठेवते. बस.

मागच्या महिन्यात आम्ही आसगावले खुशबूले पाहून आलो. तिचे वडील श्रावणजी निघताना म्हणे, घरी विचार करून कळवतो. परत येताना गाडीत आई म्हणे, हे गेलं. मी म्हणलं, काहून? तं म्हणे, विचार करून कळवतो म्हणजे नाही, हे शेंबड्या पोट्ट्यालेही समजते.

पण श्रावणजीचे तळहात उघडे होते. म्हणजे ते खरंच विचार करून राहिले. धानाची कापणी चालू हाय, वेळ लागणारच.

७ नोव्हेंबर
पहिलं प्रॅक्टिकल. बाबाले शुगर हाय. विचारलं, जिलेबी खाल्ली का? डोळ्यात डोळे घालून म्हणे, नाही. तळहात उघडे. निकाल : ऑनेस्ट.

गुड्डी म्हणे, दादा, बाबाची बोटं पाह्य, चिकट हायेत. तिले समजावलं की बोटं नाही, बॉडी लँग्वेज पाहायची असते. बाबाने जोरात मान हलवली. घरात माझं टॅलेंट फक्त बाबाले समजते.

९ नोव्हेंबर
खुशबू लाखनीत मावशीकडं राहते, गोदावरीबाईकडं, नं हायवेवरच्या राइस मिलमध्ये कॉम्प्युटरवर बिलं करते. आज बाबाची स्कूटी घेऊन मिलसमोरच्या टपरीवर बसलो. पाळत नाही. फील्डवर्क.

तिथं एक प्रफुल्ल हाय. सुपरवायझर. बुलेट. गॉगल. मिशी. त्यानं खुशबूले चहा नेऊन दिला. स्वतःच्या हातानं! ती हसली. पाहायच्या दिवशी माझ्यासमोर ती पूर्ण टाइम स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत होती.

मी जेलस नाही. फक्त नोट करून राहिलो : बुलेट सेकंडहँड दिसते. मिशी एका बाजूनं छोटी हाय. चहाही अर्धाच कप होता.

१० नोव्हेंबर
मिशी ठेवायची ठरवली. प्रफुल्लचा काही संबंध नाही. कधीपासून मनात होतं.

११ नोव्हेंबर
मिलच्या गेटात शिरलो. बहाणा केला की बाबाले तांदळाचा भाव पाहिजे. प्रफुल्लच समोर आला. मी थंड डोक्यानं विचारलं, मिलमध्ये लेडीज स्टाफसोबत तुमचं कसं काय? तो म्हणे, म्हणजे? मग हसून म्हणे, अरे भाऊ, माझं लग्न झालं हाय, पोरगंही हाय. नं हे बोलता बोलता त्यानं नाक चोळलं. दोनदा!

पकडला! लग्न-बिग्न काही नाही.

इतकी खोटारडी जागा मी पाहिली नाही. हमालाले विचारलं, खुशबू मॅडम हायेत का? हो म्हणे, नं नाक चोळलं. ट्रकवाला म्हणे, मैं रायपूर से आया, नं नाक चोळलं. कायचा रायपूर. पूर्ण मिलमध्ये भुसा असा उडून राहिला होता की धुक्यासारखं दिसत होतं. घरी येईपर्यंत माझंही नाक खाजून राहिलं. आई म्हणे, आधी नाक पूस नं मग आत ये. निगेटिव्ह एनर्जी अंगावर येते ते खोटं नाही.

१२ नोव्हेंबर
प्रॉब्लेम : टपरीवाला मले ओळखून राहिला. रोज जाता येत नाही.
सोल्यूशन : अंकुश.

अंकुश माझा पॉलिटेक्निकचा दोस्त. वरठीले प्लांटमध्ये हाय. सकाळची शिफ्ट सुटली की मोकळा. गाडी हाय. त्याले म्हणलं, रोज मिलवर जाऊन खुशबू नं प्रफुल्लवर नजर ठेव. म्हणे, अबे येडा झाला का? वरठीहून इकडं रोज? मी म्हणलं, दोस्तीसाठी. म्हणे, दोन दिवस जातो, जास्त नाही.

जायच्या आधी त्याले पूर्ण सिलॅबस शिकवला. नाक, डोळे, तळहात, सगळं. फील्ड एजंट ट्रेन पाहिजे. लवकर शिकला. म्हणे, म्हणजे नाक नाही चोळलं नं डोळ्यात पाहिलं की तू मानशील? मी म्हणलं, एक्झॅक्टली.

१३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी विहारात वंदनेले गेलो. पंचशीलातलं चौथं शील, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलणार नाही, म्हणताना कोणाचा आवाज बारीक होते ते पाहिलं. बऱ्याच जणांचा झाला. लिस्ट मनात ठेवली.

माझाही जरासा झाला, पण ते घशामुळं.

इथं क्लिअर करून ठेवतो. पाहायच्या दिवशी श्रावणजीले मी सांगतलं होतं की स्पर्धा परीक्षेची प्रिलिम पास झालो. हे खोटं नाही. पेपर चांगला गेला. म्हणजे पास होणारच. निकाल यायच्या आधी सांगतलं, एवढंच. टेक्निकली ॲडव्हान्स इन्फर्मेशन.

१६ नोव्हेंबर
अंकुशचे दोन दिवस झाले. तरी तो आजही गेला. मी काही म्हणलं नाही तरी! म्हणे, अर्धवट काम मले आवडत नाही.

रिपोर्ट : खुशबूनं पिवळा ड्रेस घातला होता, ओढणीले निळा काठ. डब्यात भेंडी असली की ती शेजारणीले देऊन टाकते. प्रफुल्लशी बोलली? फक्त बिलापुरतं. पूर्ण रिपोर्ट देताना अंकुश माझ्या डोळ्यात पाहून उभा. पापणीही हलवली नाही. तळहात असे उघडे, जसा काही प्रसाद घेऊन राहिला.

दहापैकी दहा.

२० नोव्हेंबर
गोदावरीबाई घरी आल्या. आईले म्हणे, पोरीले आणखी शिकायचं हाय वो, आत्ताच लग्नाचं नाही म्हणते. बोलताना फरशीकडं पाहत होत्या. मी आईले कानात सांगतलं, खोटं बोलून राहिली. आई म्हणे, मले माहीत हाय रे बाबा. ती आपल्याले वाईट वाटू नये म्हणून तसं सांगून राहिली. तू आता मुकाट्यानं बस.

आईनं पॉइंट मिस केला. शिकायचं हाय हे खोटं, म्हणजे लग्न करायचं हाय हे खरं. सिंपल.

मग आई म्हणे, तू त्यांच्या घरी प्रिलिमचं काय सांगून आला होता? मी म्हणलं, ॲक्च्युअली आई, बेसिकली इट्स अ मॅटर ऑफ टाइम. आई हसली. म्हणे, मोनू, मले कोर्सची गरज नाही. लहानपणापासून पाहून राहिली मी. तू खोटं बोलला की इंग्रजीत घुसते.

हे सायन्स नाही. कोर्समध्ये कुठंच नव्हतं.

२४ नोव्हेंबर
प्रफुल्लनं नवा जॅकेट घेतला. लेदर. अंकुशचा रिपोर्ट नाही, मी स्वतः रस्त्यात पाहिला. या एवढ्याशा थंडीत एवढा जॅकेट? मले तं घाम आला पाहूनच.

माझी मिशी आली. गुड्डी म्हणे, दादा, दूध पिल्यावर तोंड धुतलं नाही का?

२७ नोव्हेंबर, रविवार
अंकुश आजही लाखनीले आला. मी म्हणलं, अबे रविवारी मिल बंद असते. म्हणे, हो नं, पण खात्री केलेली बरी. नवा शर्ट घातला होता. सेंटही मारला होता. म्हणे, कोणी ओळखू नये म्हणून.

रिपोर्ट : लहानपणी खुशबू आसगावच्या तलावात पडली होती. शिंगाड्याच्या वेलात पाय अडकला होता. तिच्या आजीनं काढलं. तिले आजूनही शिंगाडे आवडत नाही.

इतकी बारीक माहिती! डिटेल असलं की रिपोर्ट खरा, हे कोर्समध्येच सांगतलं होतं. टपरीवर बसून त्याले तलावापर्यंतचं कसं समजते? टॅलेंट. प्रफुल्लसारख्यांसमोर अशी माणसं पाहिली की वाटते, देशात आजून ऑनेस्ट लोक हायेत.

३० नोव्हेंबर
मिलच्या गेटापाशी एक बाई आली, कडेवर बाळ. प्रफुल्लनं बाळाले घेतलं, त्याची पापी घेतली. बाईचं नाव रीना. टपरीवाला म्हणे, प्रफुल्लभाऊची बायको होय. म्हणताना त्यानंही नाक चोळलं. पूर्ण एरियाच सामील हाय.

पण बाळाचं नाक प्रफुल्लसारखंच होतं. वेट अँड वॉच.

बाळही प्रफुल्लकडंच पाहून हसलं. मी हात पुढं केला तं रडलं. त्याच्यात असं काय हाय की सगळे त्यालेच पाहून हसते?

४ डिसेंबर
ठरवलं, आता डायरेक्ट. परवा प्रफुल्ल सुट्टीवर हाय, उद्या तो आसपास असणार. म्हणून परवा.

परवा सहा डिसेंबर हाय. महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी अशा गोष्टी नाही. सात.

७ डिसेंबर
आज इतिहास घडला. शांतपणे लिहितो.

दुपारी मिलच्या ऑफिसात गेलो. खुशबू एकटीच. बाहेर मशीन चालू, भुसा दारातून आत येऊन राहिला. मी मिशीवरून हात फिरवून विचारलं, तुमचा होकार समजू का?

ती जराशी थांबली. कॉम्प्युटरकडं पाहून म्हणे, पाहा, तुम्ही माणूस चांगले हाय. पण माझा नकार हाय. मावशीनं सांगतलं होतं नं? माझं मन दुसरीकडं हाय. नं पूर्ण टाइम नाक चोळत होती! शेवटी तं रुमालच लावला नाकाले.

मी मनात कोर्स उघडला. थांबली : साइन एक. डोळे चुकवले : साइन दोन. नाक : साइन तीन, चार, पाच. म्हणजे नकार हाय हे साफ खोटं. मन दुसरीकडं हाय हेही खोटं.

अर्थात होकार!! मन इकडंच!!

तेवढ्यात म्हणे, आणखी एक विचारू का? प्रिलिमचा निकाल तं आजून लागलाच नाही. तुम्ही पास कसे झाले? मी मनात म्हणलं, पाहा. माझ्या निकालावर तिची नजर हाय. इंटरेस्ट नसता तं कोण एवढं ठेवते? मी म्हणलं, वेल, इट्स कॉम्प्लिकेटेड.

गेटातून निघताना प्रफुल्लले सलाम ठोकला. बिचारा. बुलेट कामात आली नाही.

११ डिसेंबर, रविवार
आज अंकुशनं भारी मजाक केली. ट्रेनिंगचा असा उपयोग करते हा पोट्टा.

मिलकडूनच आला होता. (आज ओव्हरटाइम, मशीन चालू होती.) केसात भुसा. आल्या आल्या म्हणे, राजा, तुले कसं सांगू समजून नाही राहिलं. नं नाक चोळलं. मले खुशबू आवडते. नं तिलेही मी. परत नाक. घरचे तयार हायेत. पंचवीस तारखेले आसगावले साक्षगंध हाय, अंगठ्या घालायच्या. शिव्या दे, थापडा मार, पण येजो. बोलताना जमिनीकडं पाहत होता. डोळ्यात पाणी. शिंकलाही.

इतका वाईट खोटारडा मी आयुष्यात पाहिला नाही! एकही गोष्ट जमली नाही त्याले. मी पोट धरून हसलो. म्हणलं, अबे, माझाच कोर्स माझ्यावर?

तो म्हणे, अबे मजाक नाही करून राहिलो. परत नाक. मी आणखी हसलो. शेवटी तो पायरीवर बसून राहिला, म्हणे, तुले कोणत्या भाषेत सांगू बे?

तो गेल्यावर डोक्यात लाइट पेटला. नवरदेव खोटा, पण तारीख? तारीख सांगताना त्यानं नाक चोळलं नाही. म्हणजे पंचवीसले आसगावले साक्षगंध खरंच हाय. कोणाचं असणार? माझं. श्रावणजी सरप्राइज देऊन राहिले, नं अंकुशच्या तोंडून निघून गेलं.

१२ डिसेंबर
बाबाले सांगतलं, पंचवीसले आसगावले बोलावलं. बाबा म्हणे, श्रावणजीनं फोन नाही केला? मी म्हणलं, पोरीनं स्वतः मले सांगतलं, ऑफिशियली, फेस टू फेस, हंड्रेड पर्सेंट कन्फर्म. आई माझ्याकडं पाहतच राहिली.

बाबा लय खुश झाला. नवा शर्ट शिवायले टाकला.

१८ डिसेंबर
अंकुश फोन उचलत नाही. लाजून राहिला असेन. माफ केलं.

बाबानं काकालेही फोन करून सांगून टाकलं. आईनं माझ्यासाठी ब्लेझर आणला, पण पिशवीतून काढला नाही. म्हणे, बिल सांभाळून ठेव.

२५ डिसेंबर, सकाळी
निघून राहिलो. बाबाच्या हातात पेढ्यांचा डबा. गुड्डीनं मेहंदी काढली. सर्टिफिकेट ब्लेझरच्या आतल्या खिशात ठेवलं. ते मोठं हाय, बसताना टोचते. श्रावणजीले दाखवीन.

आई गाडीत बसायच्या आधी म्हणे, मोनू, एकदा मराठीत सांग. तिनं हो म्हणलं का? मी म्हणलं, डेफिनेटली.

आई खिडकीपाशी बसली नं बाहेर पाहू लागली.

२६ डिसेंबर
काल आसगावले मांडव होता. मले आनंद झाला, म्हणलं एवढी तयारी!

दारात अंकुश उभा होता. ब्लेझर माझ्यापेक्षा भारी. मी म्हणलं, माझ्या आधी पोचला, याले म्हणते दोस्त. मागं फ्लेक्स लावलं होतं, त्यावर ‘खुशबू व अंकुश’. मले प्रिंटिंग मिस्टेक वाटली. फोटोही चुकीचाच छापला असं वाटलं. मग तिथं बसलेले अंकुशचे आईबाबा दिसले. एवढ्या सगळ्या मिस्टेक एका दिवशी होत नाही.

श्रावणजी धावत आले. तोंड उतरलं होतं. म्हणे, या मधुकरराव, या जी. त्यांची नजर बाबाच्या हातातल्या डब्यावर. बाबानं फ्लेक्सकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग श्रावणजीच्या सरळ डोळ्यात पाहून म्हणे, अजी, अंकुश आमच्या घरचाच पोरगा हाय. त्याच्या साक्षगंधाले पेढे नको का आणायले? म्हणून तं सगळे आलो आम्ही. नं डबा श्रावणजीच्या हातात देऊन टाकला.

मी बाबाकडं पाहत होतो. नाक नाही. डोळे नाही. थांबला नाही. तळहात उघडे. एकही साइन नव्हती.

वंदना झाली. चौथं शील बाबानं सगळ्यात मोठ्यानं म्हणलं.

खुशबू हसत होती. चहा अंकुशनं नेऊन दिला. पूर्ण कप. मी दीड महिना चुकीच्या माणसावर जळलो. प्रफुल्लही आला होता, रीना नं बाळासोबत. एकदाही नाक चोळलं नाही त्यानं. मी विचारलं, आज बरं हाय का नाक? तो म्हणे, अरे भाऊ, मिलमध्ये भुसा किती उडते, तिथं कुत्रंही नाक चोळते. बाळ माझ्याकडं पाहून हसलं. आता हसून काय फायदा.

जेवताना अंकुश जवळ येऊन बसला. म्हणे, राजा, राग तं नाही आला नं? मी तुले सांगतलं होतं. मी म्हणलं, नो नो, नॉट ॲट ऑल, आय ॲम व्हेरी हॅपी फॉर यू, ॲक्च्युअली रिलीव्ह्ड.

आई बाजूलेच होती. तिनं तिच्या ताटातली जिलेबी माझ्या ताटात टाकली. बाबाले शुगर हाय म्हणून त्याच्या ताटातलीही.

परत येताना गाडीत सर्टिफिकेट टोचून राहिलं होतं, तरी काढलं नाही.

हे मराठीतच लिहितो. मले ती आवडत होती. मले रडू आलं.

नाक चोळलं नाही. पुसलं.